देवराई कागदावर आणा: राई वाचवायला निघालेल्या गावासाठी

राईच्या कडेला जेसीबी येऊन उभा राहिला की जो तो एकच सांगतो, "अहो, ही देवाची जागा आहे." मुकादम ऐकून घेतो, खिशातून घडी घातलेला सातबारा काढतो आणि विचारतो, "इथे कुठे लिहिलंय?" आमच्याकडे हे घडलं तेव्हा उत्तर कोणाकडेच नव्हतं. राई कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण कागदावर त्या जागेची ओळख होती ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला नालायक जमीन.

देवराई, कोकणात देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. ती गावाच्या तोंडी असते, दप्तरात नसते. शेकडो वर्षं त्याने काही बिघडलं नाही, कारण तोडणाऱ्यालाही तोच देव होता. आता रस्त्याची आखणी, खाण, रिसॉर्ट, प्लॉटिंग या सगळ्याचे निर्णय कागद बघून होतात. म्हणून मोर्चा, उपोषण, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप हे सगळं नंतर. पहिलं काम राई कागदावर आणायचं. ते कसं, हे आमच्या फजितीतून आणि नंतर आसपासच्या दोन-चार गावांबरोबर हिंडून जे कळलं, त्या क्रमाने सांगतो. जागा देवराई नसून तळं, टेकडी किंवा सडा (कातळाचं पठार) असला तरी बहुतेक पायऱ्या याच.

१. जमीन कोणाची, हे आधी बघा

सातबारा सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर मिळतो. तेवढ्यावर थांबू नका. त्या गटाचे जुने फेरफार आणि जुनं हक्कनोंद पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा घ्या. बऱ्याचदा राई एका गटात नसते, तीन-चार गटांत पसरलेली असते आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असतो. आमच्याकडे देऊळ एका गटात, झरा दुसऱ्यात आणि सगळ्यात दाट रान तिसऱ्यात निघालं.

भोगवटादाराच्या रकान्यात साधारण चारपैकी एक काहीतरी सापडतं.

देवाचं किंवा देवस्थानाचं नाव असेल तर तुम्ही नशीबवान. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची जमीन विकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. ती घेतली आहे का, हा पहिला प्रश्न. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातली अनेक देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. तुमचं देऊळ त्यात असेल तर कोल्हापूरला फेरी मारावी लागेल.

‘सरकार’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ साली सगळ्या राज्यांना बजावलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

वन विभागाचं नाव असेल तर वनेतर कामासाठी १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. तिथे राई एकदम जात नाही, हळूहळू कुरतडली जाते. लक्ष ठेवायचं ते कडांवर.

आणि खासगी खातेदार. ही सगळ्यात अवघड परिस्थिती, आणि कोकणात तीच बरेचदा समोर येते. मालक मुंबईला, नावं पंचवीस, त्यातली निम्मी वारलेली. अशा जमिनीतही वाटेल ते झाड तोडता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत हिरडा, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं आहेत, त्यांना परवानगी लागते. म्हणजे पुढच्या पायरीत झाडांची जी यादी कराल, ती इथे कामाला येते.

शक्य असेल तर सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, घ्या. पैसे लागतात, तारीख मिळायला वेळ लागतो, शेजारच्या खातेदाराचा मूड बिघडतो. तरीही घ्या. हद्द नक्की नसेल तर पुढचा प्रत्येक अधिकारी तुम्हाला मोजणीपाशीच परत पाठवतो.

२. राई मोजा, आणि नीट मोजा

"आमच्या राईत खूप जुनी झाडं आहेत" या वाक्याला फायलीत शून्य किंमत. "छातीच्या उंचीवर घेर ४ मीटर १० सेंटिमीटर, बेहडा, झाड क्रमांक १७" याला आहे.

घेर मोजायची रीत ठरलेली आहे: जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर. एका बांबूच्या काठीवर त्या उंचीला खूण करा आणि ती काठी प्रत्येक झाडाला टेकवा. नाहीतर उंच माणूस वर मोजतो, शाळकरी पोर खाली मोजतं आणि आकडे जुळत नाहीत. उतारावर असाल तर वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं. झाडाला आधारमुळं फुटलेली असतील तर त्यांच्या वर, आणि कुठे मोजलं ते वहीत लिहायचं. नंबर टाकायला खिळे ठोकू नका. गेरू किंवा चुना पुरे.

वहीत आधी गावातलं नाव लिहा: सातवीण, किंजळ, सुरंगी, काजरा, पायर, सीताअशोक. शास्त्रीय नाव तालुक्याच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक घालून देतील. बहुतेक जण आनंदाने येतात, गाडीभाडं आणि जेवण तेवढं बघा. मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल दिसली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ही वेल तेवढी व्हायला किती काळ जावा लागतो हे त्यांना ठाऊक असतं आणि आपण तिच्यावर झोके घेतलेले असतात. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, अशा किमान दोन फेऱ्या करा. मे महिन्यात वाहणारा झरा हा राईचा सगळ्यात मोठा साक्षीदार. त्याचा फोटो, तारीख आणि त्यावर किती घरं पाणी भरतात याची यादी घ्या. कार्यालयात झाडापेक्षा पाण्याचं ऐकून घेतात, हा माझा अनुभव.

फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटेल असं एखादं अ‍ॅप फोनमध्ये टाका. मूळ फोटो एडिट न करता तीन ठिकाणी ठेवा.

इतिहासही मोजणीतच येतो. वीरगळ, सतीशिळा, जुन्या समाध्या, घोड्यांच्या मातीच्या मूर्ती, पालखीची वाट, सगळं नकाशावर मांडा. म्हातारी माणसं काय सांगतात ते रेकॉर्ड करा, पण घोळक्यात बसवून नको. घोळक्यात पुढारी बोलतो. आमच्याकडच्या एका आजींनी चूल फुंकता फुंकता सहज सांगितलं की त्यांच्या सासूबाई राईतून वाळकी काटकीही आणत नसत, एकदा चुकून शेणाच्या पाटीत आली तर तिन्हीसांजेला परत नेऊन टाकली. वापर-बंदीची अशी आठवण म्हणजे ती जागा देवराई म्हणूनच राखली गेली याचा पुरावा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवराया सत्तरच्या दशकात शास्त्रीय पद्धतीने नोंदवल्या, तेव्हा त्यांचाही भर अशा लोकरीतींवर होताच.

एक सावधगिरी. धनेश पक्ष्याची ढोली, दुर्मीळ आमरी (ऑर्किड) यांचं नेमकं ठिकाण फेसबुकवर टाकू नका. अर्जाला जोडायच्या नकाशात असू दे, जाहीर करायच्या नकाशात नको.

३. घरचं भांडण

या पायरीबद्दल कोणी लिहीत नाही. माझ्या मते निम्म्या राया इथेच गेल्या.

शत्रू बाहेरून येतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात किती रायांची पहिली कुऱ्हाड जीर्णोद्धारासाठी पडली ते आठवा. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं, फरशी घालायची, समोर सभामंडप, आणि पैसे कुठून? राईतली चार किंजळं. ठेकेदार दारात उभाच असतो. "कौल घेतला होता," असंही सांगतात, आणि घेतलेला असतोही. देवाने कधी उजवा म्हणजे होकार दिला, कधी डावा म्हणजे नकार. प्रश्न काय विचारला यावर बरंच अवलंबून असतं, हे गाऱ्हाणं घालणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

त्यामुळे बाहेरच्या प्रकल्पाविरुद्ध उभं राहण्याआधी देवळाचा खर्च कसा भागवायचा हे गावात बसून ठरवा. आमच्याकडे मुंबईच्या मंडळाने वर्गणीची हमी घेतली तेव्हाच मानकरी मोकळेपणाने बोलायला लागले. तोपर्यंत आम्ही त्यांना पर्यावरणाचं महत्त्व समजावत होतो आणि ते चुना मळत माना हलवत होते.

ज्यांची जमीन जाते आहे आणि ज्यांना मोबदला हवा आहे, त्यांना विकले गेलेले म्हणू नका. कोणाच्या मुलीचं लग्न असतं, कोणाचं कर्ज असतं. प्रत्येकाच्या ओटीवर जा, आणि एकट्याने जाऊ नका. गुरव, एखादी बचतगटातली ताई आणि वाडीतला एक वडीलधारा अशा तिघांनी जा. मानपानाचे जुने वाद असतील तर राईच्या बैठका कोणा एका मानकऱ्याच्या घरी न घेता शाळेत घ्या. फार छोटी गोष्ट वाटते. बैठकीला कोण आलं नाही ते एकदा मोजून बघा.

४. ठराव

ग्रामसभेचा ठराव हा पुढच्या प्रत्येक अर्जाचा कणा. तो नियमात बसेल असाच करा, नाहीतर विरोधकांना वकीलही लागत नाही. नोटीस मुदतीत निघाली पाहिजे. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. सह्या त्याच वेळी, त्याच वहीत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती खरोखर घ्या. झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका ज्या ठामपणे बोलतात तसं पुरुषांच्या सभेत कोणी बोलत नाही.

ठरावात भावनेला एक ओळ पुरे. बाकी मजकूर असा:

"मौजे अमुक येथील गट क्र. अमुक, अमुक व अमुक या क्षेत्रात ग्रामदैवताची पारंपरिक देवराई असून तीत सोबतच्या यादीप्रमाणे वृक्ष, बारमाही झरा व वीरगळ आहेत. सदर क्षेत्रात वृक्षतोड, उत्खनन, बांधकाम वा बिनशेती वापर यांस ग्रामसभेची हरकत आहे. सदर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्याची शिफारस ही ग्रामसभा करीत आहे."

सूचक, अनुमोदक, मतमोजणी. सोबत यादी आणि नकाशा. ठरावाची प्रत तहसीलदार, प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि जिल्हा परिषदेला द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे बसच्या तिकिटामागे लिहिलेला हिशेब.

अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात असाल तर ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा आहे, आणि वनजमिनीवर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो. ग्रामसभेच्या शब्दाला किती वजन येऊ शकतं ते ओडिशात नियमगिरीला दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तिथेही मुद्दा डोंगरावरच्या देवाचाच होता.

५. माहिती अधिकार

अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, म्हणून एक लांबलचक अर्ज करण्यापेक्षा चार आखूड करा. "का" विचारू नका. कारणं द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. कागद मागा: गट क्र. अमुकबाबत आलेल्या बिनशेती परवानगी अर्जाची प्रत, गौण खनिज परवाना, वृक्षतोड परवानगी आणि तिच्या आधीचा पंचनामा, आखणीचा नकाशा. आणि एक ओळ नेहमी घाला, ‘संपूर्ण फाईलचे अवलोकन करायचे आहे’. फाईल समोर बसून चाळली की प्रतीत न मिळणारी टिपणी सापडते. आम्हाला एका पंचनाम्यात ‘जागेवर झाडे नाहीत, खुरटी झुडपे आहेत’ असं सापडलं. त्याखाली सही करणाऱ्या दोन पंचांपैकी एक जण त्या दिवशी सुरतेला लग्नात होता. फोटो होते.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

६. मुदती भिंतीवर लिहून ठेवा

लढाया मुद्द्यांवर हरत नाहीत, तारखांवर हरतात. राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादनाची ३-अ ची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना असेल तर ६० दिवस. पर्यावरण मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयात, आव्हान द्यायचं तर ३० दिवस, सबळ कारण असेल तर वर आणखी ६०. इतर पर्यावरणीय वादांत कारण घडल्यापासून सहा महिने, त्यातही पुढे ६० दिवसांची सवलत. प्रादेशिक योजना किंवा विकास आराखड्यात बदल असेल तर मुदत नोटिशीतच छापलेली असते.

नोटिसा येतात कुठे? राजपत्रात, कोपऱ्यातल्या वर्तमानपत्री जाहिरातीत आणि ग्रामपंचायतीच्या त्या फळ्यावर, जो लग्नपत्रिकांखाली झाकलेला असतो. गावातल्या एका माणसाकडे एवढंच काम द्या: दर सोमवारी फळा, पर्यावरण मंजुऱ्यांचं केंद्राचं परिवेश पोर्टल आणि जिल्ह्याचं संकेतस्थळ बघायचं. आमच्याकडे हे काम बारावीतल्या एका मुलीने केलं, आणि रस्त्याची नोटीस तिनेच पकडली.

७. जाहीर सुनावणी लागलीच तर

खाणीसारख्या प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जाहीर सुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी सूचना हवी, आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध हवा. नसेल तर आधीच लेखी हरकत घ्या. सुनावणीला कोरम नसतो, म्हणून ‘बहिष्कार टाकू’ ही घोषणा ऐकायला बरी. तुम्ही नसलात तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं.

अहवाल उघडा आणि आपल्या यादीशी ताडून बघा. अशा अहवालांत बऱ्याचदा दुसऱ्याच प्रदेशातल्या झाडांची नावं आढळतात, राईचा उल्लेख नसतो, झऱ्याचा तर नाहीच. प्रत्येकाने एकेकच मुद्दा बोलावा आणि तोच लिहून द्यावा. शेवटी इतिवृत्त लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचं असतं. ते होईपर्यंत कोणीही उठायचं नाही. जेवणाची सोय त्यासाठीच करायची.

८. कायमचा उपाय

हा प्रकल्प परत गेला तरी दोन वर्षांनी दुसरा येतो. म्हणून २००२ च्या जैविक विविधता कायद्याची वाट धरा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ती कागदोपत्री असते, सदस्यांना बहुधा पत्ताही नसतो. ती जागी करा आणि लोकजैवविविधता नोंदवहीत राई पूर्ण तपशिलासह घाला. मग कलम ३७ खाली वारसा स्थळाचा प्रस्ताव नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवायचा. अधिसूचना राज्य सरकार काढतं.

जागा मोठीच हवी असं नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशासाठी दोन हेक्टरच्या आसपासचं क्षेत्र २०२१ साली वारसा स्थळ झालं. दोडामार्ग तालुक्यातली बांबर्डेची रानजायफळाची दलदल अडीच हेक्टरच्या घरातली, आणि तीही गावाने देवाची म्हणून राखलेली. तुमच्या राईत असं ‘एक काहीतरी’ काय आहे ते प्राध्यापकांना विचारा. प्रस्ताव त्याभोवती बांधा.

दुसरा आधार न्यायालयाचा. ‘वन’ म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते, मालकी कोणाचीही असो, असं सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी म्हटलं. त्याच प्रकरणात १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या ओरणांचं, म्हणजे तिथल्या देवरायांचं, सर्वेक्षण करून त्यांना वनाचं संरक्षण द्यायला सांगितलं, आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण करावं असंही सुचवलं. प्रस्तावासोबत या निकालाची प्रत जोडा. वरचा कारकून निकाल वाचणार नाही, पण तो जोडलेला दिसला की फाईल परत फेकायला हात कचरतो.

९. कोर्टात केव्हा जायचं

झाडावर करवत चालू असेल तर आधी ११२ ला फोन, मग वनक्षेत्रपाल आणि तहसीलदार. मुरूम किंवा जांभा उपसत असतील तर तहसीलदारांना जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंडाचे अधिकार आहेत. अर्जात कलम लिहा. लेखी तक्रारींना उत्तर नाही आणि काम थांबत नाही, एवढं झाल्यावर हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. उच्च न्यायालयासाठी कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

याचिका संघटनेच्या नावापेक्षा गावातल्या तीन-चार ठाम माणसांच्या नावाने करा, ज्यांच्यावर दबाव आणायला कोणाकडे काही नाही. पतसंस्थेचा कर्जदार नको, प्रकल्पवाल्याच्या मेव्हण्याचा भाडेकरू नको. वकिलाला पहिल्या दिवशी सगळी फाईल तारीखवार लावून द्या, फी तिथेच अर्धी वाचते. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला देवळाच्या भिंतीवर लावा. पैशावरून फुटलेलं गाव पुन्हा जोडता येत नाही.

आमच्या गटावरची नोंद बदलायला पावणेतीन वर्षं गेली. अखेर तहसीलदारांचा आदेश आला, तलाठी सजावर आम्ही सात-आठ जण गोळा झालो, आणि तलाठ्याने मान वर करून विचारलं, "इतर हक्कात काय लिहू, देवराई की देवरहाटी?" त्यावर पुढे दीड तास वाद झाला.